माफी मी मागितली होती

माई, गेल्या महिन्यात मी सिविल लाइंसमधल्या एका सभागृहात, मंचावर खुर्ची टाकून बसले आणि भरल्या हॉलसमोर माझ्या पहिल्या वेळेची गोष्ट सांगितली. लोक पहिली रात्र म्हणतात. आमची ती दुपार होती, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! तुम्ही समोर असता तर पदर तोंडाला लावून ‘लाजबीज काही उरलीय की नाही’ म्हणाला असतात, आणि मग कुणी ऐकत नाही ना हे बघून ‘बरं, मग लोक काय म्हणाले?’ असंही हळूच विचारलं असतंत. त्या गोष्टीत तुम्हीही आहात. येत्या शनिवारी दुसरा प्रयोग आहे आणि तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, म्हणतात, माईला त्यातून काढ. तुम्हाला काढायचं की ठेवायचं हे माझं मलाच ठरवायचंय आणि ठरत नाहीये. म्हटलं, जिच्याबद्दल बोलायचं तिलाच आधी सगळं सांगावं. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, त्यामुळे मधे बोलायला तुम्ही येणार नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

हे मंचाचं खूळ माझ्या डोक्यात घातलं गुरसरायच्या एका मुलीनं. कॉलेजात नाटक शिकवते, केस कापलेले, बोलणं एकदम गोड. आपल्या गल्लीतल्या पार्लरमध्ये भुवया करायला दोघी शेजारी बसलो होतो, हो, मी या वयात भुवया करते, तुमच्या पश्चात मी बऱ्याच गोष्टी करते. ती म्हणाली, बायकांच्या पहिल्या वेळेच्या गोष्टी गोळा करतोय, ज्यांच्या त्यांनी स्वतः सांगायच्या. मी हसून म्हटलं, “बेटा, हमारी उमर में किसको याद रहता है?” ती म्हणाली, “आंटी जी, सब यही कहती हैं, फिर शाम तक बोलती हैं.” तिची पद्धत अशी की आधी दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं सांगायचं आणि दुसरीनं फक्त ‘फिर?’ एवढंच विचारायचं. अगं बाई नाही, अरे रे नाही, माझंही असंच झालं तर मुळीच नाही. माझ्या समोर ओरछा गेटची एक बांगडीवाली आली. माझ्याच वयाची, पान खाणारी. ती तिच्या बुंदेलीत विचारायची, “फिर का भओ?” आणि माझ्याकडे असं बघायची की उत्तर दिल्यावाचून सुटका नसायची.

सगळ्याच गोष्टी काही रडक्या नव्हत्या, माई. एकीनं सांगितलं की लग्नाच्या दगदगीनं दोघंही बसल्याजागी झोपले आणि सकाळी सासऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा नवऱ्याच्या डोक्यावर अजून मुंडावळ्यांसारखा काहीतरी सेहरा लटकत होता. प्रयोगाच्या दिवशी हॉल हसून लोटपोट झाला. माझी गोष्ट मात्र तालमीत पुढेच जाईना. मी दुपार सांगायची, आणि शेवटी म्हणायची, फिर शाम को सासू माँ आ गईं. बस. माझ्या मते गोष्ट तिथे संपत होती. बांगडीवाली म्हणाली, “फिर का भओ?” मी म्हटलं, काही नाही, त्या आल्या. ती म्हणाली, “हओ, आ गईं. फिर का भओ?” तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी स्वतःला ती गोष्ट तुमच्या येण्यापर्यंतच सांगत आले होते.

तुम्हाला आठवतं का, मी तुमच्याकडे आले ते अगदी घाईत. बाबा बबीन्याच्या छावणीत, फौजेत. बदली लांब सरहद्दीवर निघाली तेव्हा आईला एकच घोर, की मुलीचं उरकून जायचं. मी बावीस वर्षांची, नुकती बी.ए. झालेली. झाशीत मराठी घरं ती किती, त्यात मुलगा नोकरीचा आणि घराणं जुनं, म्हणजे सोन्याहून पिवळं. लग्न लागलं आणि आठवड्याभरात आईबाबा सामान बांधून गेले. तुमच्या तीन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराला तुम्ही ‘मुदपाकखाना’ म्हणायचात. त्यात दोन माणसं एका वेळी उभी राहिली की तिसऱ्याला बाहेरून मीठ मागावं लागे. मला हसू आवरेना. तुम्ही रागावला नाहीत, उलट म्हणालात, “हस बाई, आमच्याकडे फक्त शब्दच शिल्लक आहेत.”

शब्दांसोबत एक रीतही शिल्लक होती. घराणं अडीचशे वर्षांपूर्वी इकडे आलं, देवी मात्र तिकडे घाटावरच राहिली. नव्या सुनेची ओटी देवीपुढे भरली जाईपर्यंत ती देवीची, मग नवऱ्याची. तोवर तिनं सासूच्या शेजारी निजायचं. महाराष्ट्रात हे दोन दिवसांत उरकत असेल. झाशीहून, उन्हाळ्याच्या गर्दीत, तिघांची तिकिटं मिळेपर्यंत महिना उलटला. तो महिना मी तुमच्याजवळ झोपले. तुम्ही घोरायचात. झोपेत तुमचा हात माझ्या मनगटावर असायचा आणि मी चिडवायची, सून पळून जाईल म्हणून पकडून ठेवता का? दुपारी माझ्या डोक्याला तेल लावत तुम्ही मला भाजीवाल्याशी बुंदेलीत भांडायला शिकवता. मी ‘काए’ म्हणते, तुम्ही म्हणता, “असं नाही, जरा वरून म्हण, नाहीतर तो सडके टमाटर देईल.” तुमचे चिरंजीव ताटात बघत जेवतात, हात धुतात, बाहेरच्या खोलीत जातात. मला ते शांत स्वभावाचे वाटतात. माझ्या आईनं मला कधी इतकं जवळ घेतलं नव्हतं, माई. मला त्या महिन्यात तुम्ही फार आवडायला लागला होतात.

मग तुम्ही गुरसरायला बारशाला गेलात. संध्याकाळच्या बसनं येते म्हणालात. मी डाळ निवडत बसलेय, कूलर चालू आहे, आणि ते ऑफिसातून मधल्या सुट्टीत घरी येतात. कधी येत नसत. दाराला आतून कडी लावल्याचा आवाज येतो. मी म्हणते, “अजून देवीचं व्हायचंय.” ते हसतात. म्हणतात, “देवी तिकडे बसलीय. इथलं तिला काय दिसतंय?” मी नको म्हटलं. मराठीत म्हटलं, मग का कोण जाणे हिंदीतही म्हटलं, जशी काही अडचण भाषेची होती. शेजारी ऐकतील म्हणून त्यांनी माझं तोंड दाबलं. यापुढचं मी मंचावर सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगितलं की कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो कोरडाच खडखडत होता, आणि मी सारखी मनात म्हणत होते की कुणीतरी त्यात पाणी ओता. नंतर त्यांनी तोंड धुतलं, भांग पाडला आणि ऑफिसला परत गेले. जाताना म्हणाले, “माईला सांगू नकोस.”

सांगावं लागलंच नाही. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा होता. मी न्हाणीत साडी धूत बसले होते. तुम्ही न्हाणीच्या दारात उभ्या राहिलात, साडीकडे पाहिलंत, माझ्या मनगटांकडे पाहिलंत, आणि डबा खाली ठेवून कपाळावर हात मारून घेतलात. “कुलदर्शनाच्या आधी? अगं, काय करून बसलीस हे?” मी काहीतरी बोलायला गेले. माई, मी नको म्हणत होते, असं काहीतरी. तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, “त्याला एक वेळ कळत नाही. तू तर माझ्याजवळ निजत होतीस ना?” हे तुमचं वाक्य मला आजवर उलगडलेलं नाही. तुमच्याजवळ निजल्यानं मला नेमकं काय कळायला हवं होतं? त्या रात्री तुमची गादी पलीकडच्या भिंतीला गेली. देवीच्या नैवेद्यासाठी आपण दोघींनी मिळून जो मसाला कुटला होता, तो तुम्ही बाजूला केलात आणि नवा एकटीनं कुटलात.

गाडीत ते वरच्या बर्थवर झोपून आले. देवळात पोचल्यावर तुम्ही त्यांना चहा पिऊन ये म्हणून बाहेर पाठवलंत, आणि मला गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला नेलंत, जिथे देवीची पाठ असते. म्हणालात, “पदर पसर.” मी पसरला. “म्हण, आई, मर्यादा माझ्या हातून मोडली.” मी तुमच्याकडे बघितलं. विचारलं, “माझ्या?” तुम्ही म्हणालात, “म्हण.” मी म्हटलं. “दोष माझ्या पदरात घाल.” म्हटलं. “घराच्या उंबऱ्याला लावू नकोस.” तेही म्हटलं. मग तुम्ही माझं डोकं दगडावर टेकवलंत. बुटक्या भिंतीपलीकडे टपरी होती, तिथे ते कागदावरची भजी खाताना मला दिसत होते. एक भजं गरम लागलं म्हणून त्यांनी तोंडातल्या तोंडात हवा घेतली, हेसुद्धा दिसलं. मग आपण पुढच्या बाजूला आलो. तुम्ही माझी ओटी भरलीत, हसलात, आणि त्या दिवसानंतर पुन्हा माझ्याशी पहिल्यासारख्या वागायला लागलात. माझ्याच्यानं काही ते झालं नाही. तुमच्या ते लक्षात आलं नाही, की आलं होतं?

मंचावर मी बाकी सगळं हिंदीत सांगितलं, पण माफीचे ते तीन तुकडे मराठीतच म्हटले. त्यांचं हिंदी करून पाहिलं होतं, ते कुणा दुसऱ्याच बाईचं बोलणं वाटत होतं. हॉलमध्ये मराठी माणसं मोजकीच. बाकीच्यांना कळत नव्हतं, तरी पदर पसरलेला दिसत होता. आणि तिसऱ्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा. आपल्याच मराठी मंडळींतल्या, तुमच्याहून थोड्या लहान असतील. मी दुसरा तुकडा म्हणतेय तोवर त्यांचे ओठ तिसऱ्यावर गेलेले मला दिसले. मला वाटलं, त्या जप करताहेत. प्रयोग संपल्यावर त्या बाहेर रिक्षाची वाट बघत होत्या, मी मुद्दाम जवळ गेले. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, “धीराची आहेस गं. फक्त आमच्यात ‘उंबऱ्याला’ नाही म्हणत, ‘वंशाला’ म्हणतात. ‘वंशाला लावू नकोस.’” लोणच्यात कुणी मोहरी जास्त घालतं, कुणी कमी, तसं सांगत होत्या. मी विचारलं, “तुम्हालाही म्हणायला लावलं होतं?” त्या म्हणाल्या, “अगं, तेव्हा काय रिझर्वेशनं मिळायची थोडीच! दोन-दोन महिने खोळंबा व्हायचा. कितीकींना म्हणावं लागलं.” मग रिक्षा आली आणि त्या बसून गेल्या.

मी तिथेच फाटकाशी उभी राहिले, माई. मला पहिल्यांदा आठवलं की देवीच्या मागे तुम्ही अडखळला नव्हतात. एक शब्द शोधावा लागला नाही तुम्हाला. तुम्हाला ते पाठ होतं. आणि अशा गोष्टी पाठ कशा होतात ते मला माहीत आहे, कारण मलाही ते एकदा म्हटल्यावर पाठच झालं.

घरी आले तर यांना आधीच कुणाचा तरी फोन येऊन गेला होता. निवृत्त माणूस, दिवसभर टीव्ही. त्यांनी तो बंद केला, म्हणजे गोष्ट गंभीर. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, आणि मी त्याची तयारी करून आले होते. ते म्हणाले, “माईला कशाला मधे ओढलंस? देवमाणूस होती ती.” मी म्हटलं, “आणि तुम्हाला ओढलं त्याचं काय?” “माझं काय? नवरा-बायकोत असतंच.” मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, “कुठली दुपार म्हणतेस तू?” मी कूलरचं सांगितलं, बारशाचं सांगितलं. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, ते नाटक करत नव्हते. त्यांना ती दुपार आठवतच नाही. जे त्यांच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही, त्याची माफी मी पदर पसरून मागितली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, घासलेलीही पुन्हा घासली. आता ते रोज एकदा म्हणतात की तुला जे सांगायचं ते सांग, मला काय म्हणायचं ते म्हण, पण माईचा भाग काढ, मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असंही नाही.

गुरसरायच्या त्या मुलीला मी म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “तो आंटी जी, आपकी सासू माँ के साथ भी वही हुआ होगा. बेचारी.” तिला वाटलं आता माझं मन हलकं होईल, मी तुम्हाला जवळ घेईन, आणि प्रयोगाचा शेवटही छान होईल. मला त्या ‘बेचारी’चा इतका संताप आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. तुम्हाला माहीत नसतं, तर गोष्ट वेगळी होती. मी इतकी वर्षं तेच धरून होते, की जुन्या वळणाची बाई, तिला काय कळणार. पण तुम्हाला कळत होतं. न्हाणीच्या दारात उभं राहून एका नजरेत कळलं, ते उगीच नाही. दगडावर डोकं टेकवल्यावर कपाळाला कसा गारवा लागतो, भिंतीपलीकडून कुणाचे आवाज येतात, सगळं तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या मानेवर हात तुमचा होता. तुमच्या मुलावरचा राग मी कधीच टाकून दिला, संसारात तो कुठे ठेवणार. तुमच्यावरचा ठेवला. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं सगळं मी केलं, लोक म्हणाले लेकीसारखं केलं. मी वाट बघत होते. एका दुपारी तुम्ही माझा हात धरलात, मी जवळ वाकले, म्हटलं आता बोलतील. तुम्ही विचारलंत, “दूध तापवलंस का?” तापवलं, म्हटलं.

बांगडीवालीनं मात्र अश्रू ढाळले नाहीत. काल तिच्या दुकानात गेले होते. मी म्हटलं, नवरा म्हणतो सासूला काढ. तिनं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाली, “सास खों निकार दैहौ, तौ बचहै का?” सासूच काढली तर उरेल काय, एवढं विचारून ती गिऱ्हाईकाच्या हातात बांगड्या चढवायला लागली.

तर असं आहे, माई. तुमची दुपार होती की रात्र, तुम्हाला कुणी नेलं होतं देवीच्या मागे, मला ठाऊक नाही. ते मी सांगणार नाही, तुमचं ते तुमच्याजवळ. तुमच्या वतीनं माफीही मागणार नाही आणि तुम्हाला बिचारीही करणार नाही. पण माझ्या गोष्टीत तुम्ही जेवढ्या आहात तेवढ्या राहाल. शनिवारी मी पदर पसरेन, आणि शब्द कुणी सांगितले तेही सांगेन. घरात त्यानंतर काय होईल ते होईल. फार तर टीव्ही बंद राहील.

हे पत्र मी कपाटात ठेवणार नाही, चिरंजीवांच्या हाती लागलं तर उगाच वाचून काढतील. सकाळी चहाच्या आधी फाडून टाकेन. फक्त एक गोष्ट राहिली. ती मी तालमीत सांगितली नाही, मंचावर सांगितली नाही, बांगडीवालीनं इतक्यांदा विचारलं तरी सांगितली नाही, आणि शनिवारीही मला ती जमणार नाही. त्या संध्याकाळी मी न्हाणीत होते आणि बाहेरून तुमची हाक आली, “आले गं मी.” माई, ती ऐकून मला आनंद झाला होता. मला वाटलं, आल्या माझ्या माई, आता मला कुणी काही करणार नाही.